दुधात उतरलेला चारा

१९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातले मेंढपाळ हवालदिल झाले होते. दुष्काळ नव्हता, रोगाची साथ नव्हती. कुरणे हिरवीगार होती, मेंढ्या अंगाने भरलेल्या होत्या. पण त्या गाभण राहत नव्हत्या. ज्या राहत, त्यांचे गर्भाशय विताना जोर धरत नसे आणि कोकरे पोटातच दगावत. काहींचे अंग बाहेर येई. ज्यांच्याजवळ कधी नर सोडलाच नव्हता अशा मेंढ्यांच्या कासेत दूध उतरू लागले. खच्ची केलेल्या मेंढ्यांचेही सड वाढले आणि त्यांतून दुधासारखा द्रव येऊ लागला. हे शेवटचे लक्षण निर्णायक ठरले. नराच्या अंगात स्त्री-संप्रेरकाचे काम कुणीतरी करत होते, आणि ते बाहेरून येत होते.

बेनेट्स, अंडरवुड आणि शायर या तिघांनी १९४६ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बोट दाखवले ते कुरणातल्या एका द्विदल चाऱ्याकडे. सबटेरेनियन क्लोव्हर नावाची ही वनस्पती भूमध्य समुद्राकाठची. फुलून झाल्यावर ती आपल्या शेंगा जमिनीत पुरते आणि पुढच्या पावसाला आपोआप पुन्हा उगवते. सुपरफॉस्फेट आणि हे क्लोव्हर या जोडीने तिथल्या निकस, रेताड जमिनींची कुरणे झाली होती. त्यातले ड्वालगानप नावाचे वाण जिथे दाट माजले होते, तिथे मेंढ्यांचे हाल सर्वांत वाईट होते. अनेक वर्षे त्यावर चरलेली मेंढी दुसऱ्या कुरणात नेली तरी सुधारेच असे नाही. तिच्या गर्भाशयमुखाची रचनाच कायमची बदललेली असे.

मग त्या पानांतले नेमके द्रव्य कोणते, याचा शोध सुरू झाला. १९५१ मध्ये ब्रॅडबरी आणि व्हाइट यांनी या क्लोव्हरमधून जेनिस्टीन वेगळे काढले. उंदरांना ते दिले की त्यांच्या गर्भाशयाचे वजन वाढे. इस्ट्रोजेनसारखा, म्हणजे स्त्री-संप्रेरकासारखा, परिणाम ओळखण्याची तेव्हाची मान्य कसोटी हीच होती. गुन्हेगार सापडला असे वाटले. पण शेतावरचा अनुभव जुळेना. जेनिस्टीन भरपूर असलेली काही वाणे मेंढ्यांना फारशी बाधत नव्हती, आणि उंदरांच्या चाचणीत मामुली ठरलेल्या फॉर्मोनोनेटीन या भावंडाचे प्रमाण जिथे जास्त, तिथे मेंढ्या वांझ होत होत्या. हा गुंता सुटायला १९६०चे दशक उजाडले. उंदराच्या आणि मेंढीच्या पोटात जो फरक आहे, त्यातच उत्तर होते.

रवंथ करणाऱ्या जनावराने खाल्लेला घास आधी कोटीपोटात जातो. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव त्याच्यावर तुटून पडतात आणि रक्तात काही जाण्याआधीच चाऱ्यातली रसायने बदलून टाकतात. जेनिस्टीनची रचना हे जंतू फोडतात. उरते ते पॅरा-इथाइलफेनॉल, आणि त्यात संप्रेरकाचा गुण उरलेला नसतो. क्लोव्हरच्या कुरणात नव्याने सोडलेल्या मेंढीत पहिले काही दिवस जेनिस्टीनचा परिणाम दिसतो, नंतर जंतूंना ते पचवायची सवय होते. फॉर्मोनोनेटीनचे मात्र उलट होते. जंतू त्याच्यावरचा मिथाइल गट काढतात, त्याचे डेडझीन होते. डेडझीनला हायड्रोजन जोडत जोडत त्याचे इक्वॉल होते. पानात निरुपद्रवी दिसणारे द्रव्य पोटात गेल्यावर जास्त प्रभावी होऊन बाहेर पडते.

इक्वॉल शास्त्राला तोवर अनोळखी नव्हते. १९३२ सालीच मॅरियन आणि हेझलवूड यांनी गाभण घोडीच्या लघवीतून ते वेगळे केले होते. त्यांच्या काळात त्याचा चाऱ्याशी असलेला संबंध कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

हा सगळा इतिहास मी आधी सांगितला, कारण गाईच्या दुधात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन शोधणाऱ्याला त्याच्याशिवाय पहिले पाऊलही टाकता येत नाही. गाईने काय खाल्ले याची यादी करून तीच द्रव्ये दुधात शोधायला गेलो, तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. जेनिस्टीन, फॉर्मोनोनेटीन आणि त्यांच्याच कुळातले बायोकॅनिन दुधात अगदी मागमूस म्हणावे इतकीच उतरतात. मोठा वाटा असतो तो इक्वॉलचा, म्हणजे कुठल्याही झाडाने कधीही न बनवलेल्या रेणूचा. वनस्पतीने पाठवलेले आणि दुधाने स्वीकारलेले यांच्यामध्ये कोटीपोट उभे आहे. दुधाची चाचणी ही त्या पोटातल्या कारभाराची चाचणी असते, आणि ज्यांनी हे लक्षात घेऊन चाचण्या आखल्या त्यांनाच अर्थपूर्ण आकडे मिळाले.

संप्रेरकासारखे म्हणजे नक्की काय, हेही इथेच पाहून घेऊ. इस्ट्राडायॉल हे सस्तन प्राण्यांचे प्रमुख स्त्री-संप्रेरक. पेशीतल्या विशिष्ट ग्राही प्रथिनाला ते चिकटते आणि काही जनुके जागी होतात. त्याच्या रेणूच्या दोन टोकांना दोन हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांतला एक फेनॉलच्या कड्यावर. इक्वॉलमध्ये हे दोन गट जवळजवळ तेवढ्याच अंतरावर बसतात. कूळ वेगळे, पण ग्राहीला चिकटायला एवढे साम्य पुरते. १९९६ साली इस्ट्रोजेनचा दुसरा ग्राही, बीटा, सापडला आणि मग लक्षात आले की वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनांची ओढ बरेचदा या दुसऱ्याकडे जास्त असते. त्यांची ताकद मात्र खऱ्या संप्रेरकापुढे फार कमी. चाचणी कोणती वापरली त्यानुसार शेकडो ते हजारो पटींनी कमी भरते.

म्हणून शोधण्याचे मार्ग दोन होतात. एक म्हणजे नमुन्याचे वागणे पाहायचे, दुसरा म्हणजे त्यातल्या रेणूंची ओळख पटवायची.

वागणे पाहण्याचा मार्ग जुना. उंदराच्या गर्भाशयाचे वजन हा त्यातलाच प्रकार. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९६०च्या दशकात त्याहून थेट उपाय काढला. खच्ची केलेले मेंढे संशयित कुरणात सोडायचे आणि त्यांच्या सडांची लांबी मोजत राहायची. साधे मोजमाप, पण त्यात कोटीपोटाचा हिशेब आपोआप धरला जाई, म्हणून उंदराने जिथे दिशाभूल केली तिथे मेंढ्याने खरे सांगितले. मला ही सगळ्या संशोधनातली सर्वांत शहाणी चाल वाटते. आजच्या प्रयोगशाळा हेच काम पेशींवर करतात. इस्ट्रोजेन मिळाले की भराभर वाढणाऱ्या स्तनकर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी, किंवा मानवी ग्राही बसवलेले आणि इस्ट्रोजेन भेटताच रंग बदलणारे यीस्ट. नमुन्यात एकूण किती इस्ट्रोजेनगिरी आहे हे त्या सांगतात आणि यादीत नसलेले रेणूही पकडतात.

दुधाच्या बाबतीत मात्र त्यांची एक मोठी अडचण आहे. दुधात गाईची स्वतःची संप्रेरकेही असतात. गाय दूध देता देता पुन्हा गाभण असते आणि गर्भ वाढेल तसे दुधातले इस्ट्रोन वाढते. पेशीला इस्ट्रोन काय आणि इक्वॉल काय, दोन्ही इस्ट्रोजेनच. चाऱ्यातून आले किती आणि गाईच्या अंगातले किती, हे ती सांगू शकत नाही. त्यामुळे दुधापुरते तरी दुसऱ्या मार्गाने जावे लागते.

तो मार्ग लांबचा आहे. दूध हे विश्लेषकाला अवघड जाणारे द्रव. त्यात स्निग्धांश, केसीन, लॅक्टोज, क्षार आणि फॉस्फोलिपिडे यांची गर्दी असते आणि आपल्याला हवा असलेला रेणू त्यांच्या कोट्यंश भागाइतका. शिवाय तो मोकळा नसतो. जनावराचे शरीर परक्या फेनॉलला बाहेर टाकण्यासाठी पाण्यात विरघळण्याजोगे करते. त्यावर ग्लुक्युरॉनिक आम्ल किंवा सल्फेट चढवते. दुधातले बहुतेक इक्वॉल असे जोडलेल्या रूपात असते. म्हणूनच ते सायीबरोबर निघून जात नाही, पाण्याच्या भागात राहते, आणि साय काढलेल्या दुधातही सापडते. फक्त मोकळे इक्वॉल मोजणारी चाचणी घेतली तर आकडा हास्यास्पद वाटावा इतका कमी येईल आणि तो चुकीचाच असेल.

तर सुरुवात ही जोडणी तोडण्यापासून होते. त्यासाठी बीटा-ग्लुक्युरोनिडेज आणि सल्फेटेज ही विकरे लागतात. ही दोन्ही एकत्र आणि भरपूर मिळतात ती फ्रान्समध्ये खाल्ल्या जाणाऱ्या हेलिक्स पोमॅशिया या मोठ्या गोगलगाईच्या पाचकरसात, आणि दशकानुदशके जगभरच्या प्रयोगशाळा हाच रस विकत घेत आल्या आहेत. पण गोगलगाय स्वतः पाला खाऊन जगते! तिच्या पाचकरसात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनांचे अंश आधीच असतात, हे पुढे लक्षात आले. दुधात शोधायचे ते आपणच बाटलीतून ओतत होतो, असा प्रकार. त्यामुळे आता प्रत्येक तुकडीत दुधाऐवजी नुसते पाणी घेऊन तीच सगळी प्रक्रिया करतात आणि त्यात जे निघेल ते ध्यानात ठेवतात; कित्येक जण जिवाणूंपासून मिळवलेली शुद्ध विकरे वापरतात. अशी कोरी चाचणी न घेता दिलेल्या कुठल्याही अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही.

विकरांचे काम शरीराच्या तापमानाच्या आसपास काही तास चालते. मग आम्ल किंवा अ‍ॅसिटोनायट्राइल घालून दूध फाडतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्रथिने आणि चरबी वेगळी करतात आणि निवळी एका छोट्या नळीतून जाऊ देतात. नळीत भरलेल्या कणांना इक्वॉलसारखे तेलकट स्वभावाचे रेणू चिकटतात. साखर आणि क्षार पाण्याबरोबर वाहून जातात. शेवटी थोड्याशा मिथेनॉलने चिकटलेले रेणू सोडवून घेतले की मूळ दुधाचा फार लहान, पण घट्ट केलेला अर्क हाती येतो.

हा अर्क द्रव क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभात जातो. प्रत्येक रेणू आपापल्या स्वभावाप्रमाणे तिथे रेंगाळतो आणि वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर पडतो. पूर्वी बाहेर पडणाऱ्या रेणूंवर अतिनील प्रकाश टाकून ते ओळखत. सोयाबीनच्या पिठासाठी ते पुरे. दुधातल्या मात्रेसाठी नाही. त्यातून इक्वॉलची आणखी एक गैरसोय अशी की डेडझीनमधले दुहेरी बंध हायड्रोजन जोडल्याने नाहीसे झालेले असतात, म्हणून ते अतिनील प्रकाश डेडझीनपेक्षा कमी शोषते. नेमका ज्याला शोधायचे तोच सर्वांत पुसट दिसतो. दुसरा जुना पर्याय वायू क्रोमॅटोग्राफीचा, पण त्यासाठी या रेणूंना आधी रासायनिक प्रक्रिया करून बाष्परूप होण्याजोगे करावे लागे.

ही कोंडी फुटली ती इलेक्ट्रोस्प्रेमुळे. द्रवाचे विद्युतभारित सूक्ष्म थेंब उडवून नाजूक रेणूही न मोडता वस्तुमापकात, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात, नेण्याचे हे तंत्र. त्यासाठी जॉन फेन यांना २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. इक्वॉलचे रेणुवस्तुमान २४२. एक प्रोटॉन काढून घेतला की ऋणभारित आयनाचे वस्तुमान २४१ होते. यंत्राचा पहिला टप्पा फक्त २४१ला आत सोडतो. दुसऱ्यात वायूच्या रेणूंशी टक्कर होऊन तो फुटतो. तिसरा टप्पा १२१ किंवा ११९ वस्तुमानाचा तुकडा आहे का पाहतो. ठरलेल्या मिनिटाला, २४१मधून १२१ आणि ११९ हे दोन्ही तुकडे, आणि तेही शुद्ध इक्वॉलमध्ये येतात त्याच गुणोत्तरात, एवढ्या सगळ्या अटी जुळल्या तरच ओळख पटली असे मानतात.

इतक्या अटी कशासाठी, याचे चांगले उदाहरण याच कुळात आहे. फॉर्मोनोनेटीन आणि कुमेस्ट्रॉल या दोन वेगळ्या रेणूंचे आयन पूर्णांकात मोजले तर दोन्ही २६७च भरतात. पण फॉर्मोनोनेटीनवर मिथाइल गट असतो, तो गळून २५२चा तुकडा मिळतो. कुमेस्ट्रॉलवर तो गटच नाही. नुसत्या वस्तुमानावर विसंबलेल्या यंत्राने एकाच्या नावावर दुसरा खपवला असता, आणि या दोघांची ताकद सारखी नाही. कुमेस्ट्रॉल हे वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनांतले बरेच प्रभावी द्रव्य आहे.

मोजणीतही एक खाचखळगा आहे. दुधातून चुकून आलेली फॉस्फोलिपिडे इक्वॉलच्याच वेळी बाहेर पडली, तर थेंबातला विद्युतभार ती पळवतात आणि इक्वॉलचा संकेत दबतो. प्रत्येक दुधात हे दबणे वेगळे असते. त्यावर उपाय म्हणून नमुन्यात अगदी सुरुवातीला ड्युटेरियम घातलेले जड इक्वॉल ठरावीक मात्रेत मिसळतात. ते स्तंभातून जवळजवळ साध्या इक्वॉलबरोबरच येते, तेवढेच दबते, वाटेत तेवढेच सांडते, पण वस्तुमानामुळे वेगळे ओळखू येते. शेवटी दोघांचे गुणोत्तर घेतले की वाटेतले नुकसान हिशेबातून निघून जाते. एवढी काळजी घेतल्यावर मिलीलिटरमागे एखाद्या नॅनोग्रॅमपर्यंत विश्वासाने मोजता येते.

दुधातल्या इक्वॉलच्या मोजणीतून फिनलंडमधून एक लक्षात राहील असा निष्कर्ष आला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुकानात मिळणाऱ्या साय काढलेल्या दुधाचे नमुने तपासले होते. नेहमीच्या दुधात इक्वॉल मिलीलिटरमागे सरासरी ६२ नॅनोग्रॅम होते. सेंद्रिय दुधात ४११. म्हणजे जवळजवळ सातपट, आणि तेही ज्या दुधाला लोक जास्त शुद्ध समजून जास्त पैसे देतात त्यात.

यात सेंद्रिय शेतीचा दोष काही नाही. उलट ती नियम पाळते म्हणूनच हे होते. युरिया घालायचा नाही, तर नत्र आणायचे कुठून? मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र बांधणाऱ्या द्विदल पिकांकडून. उत्तर युरोपच्या थंडीत त्यासाठी तांबडा क्लोव्हर सर्वांत भरवशाचा. त्याचे गवताबरोबर मुरघास करतात आणि हिवाळाभर गाईंना घालतात. तांबड्या क्लोव्हरमध्ये फॉर्मोनोनेटीन आणि बायोकॅनिन भरपूर. नॉर्वेतल्या एका प्रयोगात हा धागा थेट दिसला. तांबड्या क्लोव्हरचे मुरघास खाणाऱ्या गाईंच्या दुधात इक्वॉल किलोमागे ३६४ मायक्रोग्रॅम निघाले, पांढऱ्या क्लोव्हरचे खाणाऱ्यांच्या दुधात ५२. दोन्ही क्लोव्हरच, दोन्ही द्विदलच. फरक फक्त जातीचा. दुधावरचे लेबल हे सांगत नाही, चारा सांगतो.

आता हा आकडा केवढा? ४११ नॅनोग्रॅम दर मिलीलिटर म्हणजे लिटरमागे ०.४ मिलीग्रॅम. बारीक मिठाचे सहा-सात कण लिटरभर दुधात टाकावेत एवढे. सोयाबीनच्या दुधात आयसोफ्लेव्होने, म्हणजे जेनिस्टीन-डेडझीनच्या कुळातली द्रव्ये, लिटरला कित्येक दहा मिलीग्रॅम असतात, म्हणजे शंभर पटींच्या घरात किंवा त्याहूनही जास्त. रजोनिवृत्तीच्या त्रासावर इक्वॉलचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी जपानमध्ये जे प्रयोग झाले त्यांत स्त्रियांना दिवसाला १० मिलीग्रॅम दिले होते. फिनलंडच्या सेंद्रिय दुधातून तेवढे मिळवायचे तर रोज सुमारे २४ लिटर दूध प्यावे लागेल. मेंढ्यांचे जे झाले ते दिवसरात्र तेच पान खाऊन, दिवसाला ग्रॅममध्ये मोजावे इतक्या मात्रेत. ‘दुधात हार्मोन’ असा मथळा वाचून जे घाबरतात त्यांनी आधी हे मापाचे अंतर पाहावे. अशा मथळ्यांचा फटका दूध घालणाऱ्या कुटुंबाला बसतो आणि मथळा लिहिणाऱ्याला त्याची झळ लागत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

तरीही दुधातल्या इक्वॉलला एक वेगळेपण आहे. सोयाबीन खाल्ल्यावर त्यातल्या डेडझीनचे इक्वॉल करणारे जंतू प्रत्येक माणसाच्या आतड्यात नसतात. जपानमध्ये निम्म्याच्या आसपास प्रौढांत ते असतात, पाश्चात्य देशांत पाव ते तृतीयांश लोकांत. ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांना आहारातून इक्वॉल मिळण्याची एक वाट म्हणजे गाईच्या पोटात तयार झालेले, दुधातून आलेले इक्वॉल. मात्रा लहान असली तरी आयुष्यभर रोज मिळणारी. म्हणून तिचा अभ्यास व्हायला हवा आणि तो नीट मोजूनच व्हायला हवा.

महाराष्ट्रात क्लोव्हरची कुरणे नाहीत. आपल्या गोठ्यातला कडबा, उसाचे वाढे, हत्ती गवत, मका ही सगळी गवताच्या कुळातली; आयसोफ्लेव्होने प्रामुख्याने द्विदलांत असतात, त्यामुळे या वैरणीतून ती फारशी येत नाहीत. पण त्याच गव्हाणीत आणखी तीन गोष्टी पडतात आणि त्या तिन्ही या विषयाच्या आहेत.

पहिली सोयाबीनची पेंड. तेल काढल्यावर आयसोफ्लेव्होने तेलात जात नाहीत, पेंडीत राहतात. त्यांतल्या डेडझीनचे इक्वॉल होण्याचा मार्ग क्लोव्हरमधल्यासारखाच. फक्त मिथाइल गट काढण्याची पहिली पायरी लागत नाही. लातूरपासून विदर्भापर्यंत ज्या गाईंच्या आंबोणात ही पेंड आहे, त्यांच्या दुधात शोधायचे नाव इक्वॉलच.

दुसरी लसूणघास. यात मुख्य द्रव्य कुमेस्ट्रॉल. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या बिकॉफ आणि सहकाऱ्यांनी १९५७ साली ते चाऱ्यातून शोधून काढले. निरोगी हिरव्या पानात ते थोडेच असते. पानांवर बुरशीचे ठिपके पडले किंवा मावा लागला की ते कितीतरी पटींनी वाढते, कारण वनस्पती रोगाशी झगडताना ते जास्त बनवते. गाईला हे मेंढीइतके बाधत नाही, पण द्विदल चाऱ्यातल्या इस्ट्रोजेनांमुळे गाईंचे माज बिघडल्याच्या नोंदी आहेत. ठिपके पडलेला घास भरपूर घातला जात असेल आणि गाई एकामागून एक उलटत असतील, तर बाकी कारणांबरोबर घासाकडेही एकदा पाहावे, आणि पुढची कापणी ठिपके पसरायच्या आत घ्यावी.

तिसरी जवसाची पेंड, विदर्भातल्या जुन्या गोठ्यांची ओळखीची. जवसाच्या टरफलात लिग्नान नावाची द्रव्ये इतर कुठल्याही नेहमीच्या बियांपेक्षा जास्त असतात आणि तीही तेलात न जाता पेंडीत राहतात. कोटीपोटातले जंतू त्यांचे एन्टेरोलॅक्टोन करतात. हे एन्टेरोलॅक्टोन प्रथम सापडले ते १९८०च्या सुमारास, माणसांच्या आणि माकडांच्या लघवीत. मासिक चक्राबरोबर ते कमीजास्त होत होते, त्यामुळे हे एखादे नवेच संप्रेरक असावे असे आधी वाटले. सेचेल, आडलरक्रॉइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून त्याची रचना कळली, आणि ते शरीर बनवत नसून आतड्यातले जंतू बनवतात हे पुढे स्पष्ट झाले. कॅनडात दुभत्या गाईंना जवसाची पेंड खाऊ घालून दुधातले एन्टेरोलॅक्टोन वाढवून दाखवण्यात आले आहे. वस्तुमापकात त्याचा आयन २९७ला दिसतो. इक्वॉलच्याच फेरीत, त्याच अर्कातून मोजता येतो.

मक्याच्या मुरघासाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. मका स्वतः निर्दोष असला, तरी त्यावर फ्युजॅरियम बुरशी चढली तर ती झिअ‍ॅरलेनोन बनवते आणि तेही इस्ट्रोजेनसारखे वागते. जनावराच्या शरीरात त्याचे काही अंशी झिरॅनॉल होते, आणि झिरॅनॉल हे युरोपात बंदी असलेले वाढीचे औषध आहे. म्हणजे ज्या शेतकऱ्याने ते औषध कधी हातात धरले नाही, त्याच्या गाईच्या नमुन्यात बंदी घातलेले औषध दिसू शकते. अशा वेळी एकच द्रव्य शोधून निकाल देणे अन्यायाचे. झिअ‍ॅरलेनोन आणि त्याची इतर भावंडे सोबत आहेत का, हे त्याच चाचणीत पाहिले की बुरशी आणि औषध यांत फरक करता येतो.

राहिला नमुना कुठून घ्यायचा हा प्रश्न. संकलन केंद्राच्या टाकीतल्या दुधात गावभरच्या गव्हाणी एकत्र झालेल्या असतात. तो नमुना ग्राहकाला काय मिळते हे सांगेल, पण कुठल्या चाऱ्याने काय केले हे सांगणार नाही. ते हवे असेल तर एकेका गोठ्याचे सकाळ-संध्याकाळचे दूध एकत्र करून घ्यावे, आणि बाटलीवर गाईचे नाव-गाव लिहिण्याआधी मागच्या आठवड्यातली वैरण, पेंड आणि घासाची कापणी लिहावी. चारा बदलला की दुधातले इक्वॉल काही दिवसांतच खाली येते, म्हणून महिन्यापूर्वीच्या आठवणीचा इथे उपयोग नाही. शिवाय त्याच दिवशीच्या चाऱ्याची मूठभर जुडी सावलीत वाळवून नमुन्यासोबत द्यावी. ऑस्ट्रेलियात सबटेरेनियन क्लोव्हरची नवी वाणे निवडताना त्यातले फॉर्मोनोनेटीन कोरड्या वजनाच्या ०.२ टक्क्याच्या आत राहील हे पाहतात. तो दंडक दुधावर नाही, पानावर लावलेला आहे.